तंबाखू खातात, मिशेरी लावतात

हंसाकाकी राऊत खोटं बोलल्या नव्हत्या. खोटं मी बोललो होतो, आणि तेही माझ्याच दवाखान्यात, बाहेरच्या बाकांवर पेशंट दाटीवाटीने बसलेले असताना, काकींच्या मुलासुनेच्या देखत, आवाज चढवून. या अंकाच्या संपादकांनी ‘तुमच्या धंद्यातले गमतीदार अनुभव लिहा’ म्हणून सांगितलं होतं. गमतीदार माणसं भेटली आहेत, त्यांच्याबद्दलही सांगेन. पण हे एक आधी लिहून टाकल्याशिवाय पुढचं काही लिहिता येईना.

मी दातांचा डॉक्टर. दवाखाना डहाणूला, आणि आठवड्यातून दोन दिवस तलासरीला बसतो. तलासरीच्या पाड्यांवरून माणूस येतो तो गाल सुजल्यावर. खुर्चीत बसायच्या आधीच बोट तोंडात घालून सांगतो, “हा. काढून टाक.” वाचवता येईल म्हटलं तर तो माझ्याकडे असा बघतो, की मी त्याला म्हैस विकतोय. त्याची आजची मजुरी बुडालेली असते, पुन्हा पुन्हा यायला त्याला सवड नाही. मी काढून टाकतो. डहाणूला येतात ते वाडीवाले, शिक्षक, दुकानदार, बोर्डी-घोलवडचे बागायतदार. त्यांना मी दात बसवून देतो. थोडक्यात, तलासरीत उपटायचे आणि डहाणूत रोवायचे, असा माझा धंदा आहे. याला समाजसेवा म्हणणारे लोक मला समारंभात नारळ देतात आणि मी तो घेतो.

माणसं मात्र दोन्हीकडे मजेशीर. बोर्डीचे एक गृहस्थ वडिलांचं तेरावं आटपून आले, ते रुमालात गुंडाळलेली कवळी घेऊन. “बाबांची आहे. चांगल्या डॉक्टरकडून केलेली. मला बसते का बघा.”

मी म्हटलं, “अहो, कवळी म्हणजे काय चप्पल आहे का?”

“चप्पल बसली ना त्यांची मला,” ते म्हणाले. “चष्माही चालतोय.”

चारोटीच्या एका हॉटेलमालकाला दात पांढरे हवे होते. किती पांढरे, तर त्याने माझ्या दवाखान्यातल्या वॉश बेसिनकडे बोट दाखवलं. मी केले. आता तो गल्ल्यावर बसून हसतो तेव्हा हायवेवरून येणारं गिऱ्हाईक आधी त्याच्या दातांकडे बघतं आणि मग बिलाकडे. मला लाज वाटायला हवी होती, पण मी त्याचा फोटो काढून दवाखान्यात लावला.

तर असा मी, आणि २०१४ साली माझ्या डोक्यात इम्प्लांट शिरलं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. इम्प्लांट म्हणजे टायटेनियम धातूचा स्क्रू. दात पडला की त्या जागी हाडात भोक पाडायचं, त्यात हा स्क्रू पिळून बसवायचा आणि वर दात चढवायचा. ऐकायला सुतारकाम वाटतं, आणि ते बरंचसं आहेही. फक्त सुताराला लाकूड निवडता येतं, आम्हाला जे तोंड समोर येईल त्यातलं हाड घ्यावं लागतं. आणि हाड म्हणजे सगळं एकसारखं नसतं. खालच्या जबड्याचा पुढचा भाग खैरासारखा, ड्रिल कुरकुरतं. त्याच्या मागे साग. वरचा जबडा पुढे आंब्याच्या फळीसारखा. आणि वरच्या जबड्याचा मागचा भाग, त्यातून बाई साठीची, दात जाऊन बरीच वर्षं झालेली, तर पांगारा. आमच्याकडे कुंपणाला लावतात तो पांगारा. खिळा बोटाने दाबला तरी आत जातो आणि वाऱ्याने बाहेर येतो.

स्क्रू हाडात दोनदा धरला जातो. पहिल्यांदा नुसता आट्यांच्या जोरावर, फळीत खिळा धरतो तसा. मग काही आठवड्यांत त्याच्याभोवतीचं जुनं हाड झिजतं, ही पहिली पकड सैल होते, आणि नवं हाड हळूहळू येऊन त्याला चिकटतं. ही दुसरी पकड खरी. या दोन पकडींच्या मधला जो काळ असतो त्यात स्क्रू अगदी निराधार असतो. खैरासारख्या हाडात तो निभावून नेतो. पांगाऱ्यात मुळात पहिली पकडच नसते. तेव्हा त्याच्यावर दात चढवून चावायला लावलं, तर स्क्रू हलतो, आणि हलणाऱ्या स्क्रूभोवती हाड येत नाही, मांसासारखा लिबलिबीत पडदा येतो. मग सगळं फुकट.

हे सगळं पुस्तकात लिहिलेलं होतं. मी पुस्तक वाचलं नाही. मी कोर्सला गेलो.

कोर्स मुंबईच्या एका मोठ्या हॉटेलात, शनिवार-रविवार. पहिल्या दिवशी प्लास्टिकच्या जबड्यात स्क्रू पिळायचे. दुसऱ्या दिवशी जेवण फार चांगलं होतं. संध्याकाळी सर्टिफिकेट. शिकवायला एक तलम कोटातले तज्ज्ञ होते. त्यांच्या तोंडात ‘डॉक्टर्स’ हा शब्द असा यायचा, की आपण सगळे नुकतेच डॉक्टर झालोय असं वाटावं. कोणीतरी मागून विचारलं, “सर, हाड मऊ असलं तर?” ते हसले आणि म्हणाले, “डॉक्टर्स, हाड हा प्रॉब्लेम नाहीच. प्रॉब्लेम तुमच्या डोक्यात आहे.” सभागृहाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. आज वाटतं, वाक्याचा दुसरा अर्धा भाग त्यांनी बरोबर सांगितला होता.

त्यांचं सूत्र एकच होतं: त्याच दिवशी दात. सकाळी स्क्रू, संध्याकाळी चावणं. स्क्रू बनवणाऱ्या कंपनीचा माणूस गळ्यात पट्टा अडकवून सगळीकडे फिरत होता, आणि जो ‘त्याच दिवशी’च्या चांगल्या केसेस फोटोसकट पाठवेल त्याला वार्षिक सभेत बोलायला मिळेल असं सांगत होता. म्हणजे ज्या हॉलमध्ये मी खाली बसलो होतो, तिथे वर उभं राहायला मिळणार होतं. एवढ्यावर मी विकला गेलो.

परत आल्यावर मी चारोटीच्या नाक्यावर फलक लावला: ‘सकाळी या, संध्याकाळी चावा.’ त्यावर एक गोरी बाई हिरवं सफरचंद चावतेय. चिकूच्या मुलखात सफरचंद. ते चित्र कंपनीने फुकट दिलं होतं.

तो फलक बघून हंसाकाकींचा मुलगा नीलेश आईला घेऊन आला.

काकी चिखल्याच्या. नवरा लवकर गेला, तेव्हापासून चिकूची वाडी त्याच बघत. आमच्याकडे झाडावरचा माल हंगामाआधीच व्यापाऱ्याला बोलून देतात. पडवीत बसायचं, चहा घ्यायचा, भाव ठरायचा, आणि ठरलं की ठरलं. काकींच्या बाबतीत कोणी कागद केल्याचं ऐकिवात नव्हतं. नंतर दुसरा व्यापारी जास्त भाव घेऊन आला तरी काकी त्याला चहा पाजून परत पाठवत. शेजारच्या वाड्यांचे सौदेही पुष्कळदा त्यांच्या पडवीत व्हायचे, कारण ‘काकीसमोर बोललाय’ म्हटलं की दोन्ही बाजू गप्प बसत.

माझ्या आईची त्यांची ओळख होती, म्हणून मला त्या अरे-तुरे करत. वरचे सगळे दात गेलेले, कवळी होती, ती सटकायची.

“खायाचं काय नाय रे,” त्या म्हणाल्या. “बोंबील मी हिरडीनं पण खाते. पण बोलताना ही पडते. परवा त्या व्यापाऱ्याला भाव सांगत होती, तर मधेच सटकली. आकडा घसरला. तो हसला. मी बोलली, दात घसरला, शब्द नाय घसरला. पण दर वेळी असं किती बोलायचं?”

मी त्यांना स्क्रूचं समजावलं. त्या म्हणाल्या, “कर. पण मला घाई नाय. आता कर नायतर पावसानंतर कर.”

घाई त्यांना नव्हती, हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे. मीच म्हटलं, “काकी, आता थांबायचे दिवस गेले. संध्याकाळी दात घेऊन घरी जाल.”

मग नेहमीचे प्रश्न. साखर? नाही. रक्तदाब? थोडा, गोळी चालू. “तंबाखू खाता का?”

“नाय रे बाबा. तंबाखू कोण खातंय? आमच्या घरात पानाचा डबा पण नाय.”

मी पुढे गेलो. स्कॅन करायला वापीला पाठवायला हवं होतं, त्यात हाडाची जाडी आणि घनता कळते. ‘एवढ्यासाठी वापीला कुठे जाता’ म्हणत मी साध्या एक्स-रेवर भागवलं. खरं कारण असं, की स्कॅनमध्ये हाड वाईट दिसलं असतं तर मला थांबावं लागलं असतं.

त्या सकाळी ड्रिल लावलं आणि ते आत गेलं. थांबलंच नाही. हाताला काही लागेना. मागच्या बाजूला तर मऊ लोण्यातून सुरी जावी तसं. स्क्रू किती घट्ट बसला हे सांगणारा एक पाना असतो, ठरावीक जोर लागला की तो तिथेच अडतो. तो अडेना. मी फिरवतोय, स्क्रू फिरतोय, पाना गप्प. कुठल्याही शहाण्या माणसाने इथे थांबून स्क्रू हिरडीखाली झाकून टाके घातले असते, आणि सांगितलं असतं, काकी, सहा महिने जुनी कवळी वापरा, मग बघू. मी पाना खाली ठेवला, हाताने जरा दाबल्यासारखं केलं आणि शेजारी उभ्या नीलेशला म्हणालो, “बसलाय. एकदम पक्का.”

पहिलं खोटं हे.

संध्याकाळी दात चढवले. कंपनीचा माणूस फोटोला मुद्दाम आला होता, पिशवीत सफरचंद घेऊन. काकींनी ते हातात घेऊन फिरवून पाहिलं.

“हे कशाला? घरात चिकू पडलेत पाटीभर.”

“फोटोसाठी, मावशी. चावा ना जरा.”

“चिकू चावला तर फोटोत दात दिसत नाय काय?”

शेवटी त्यांनी माझ्याकडे बघितलं, मी मान हलवली, आणि त्यांनी माझ्यावर विश्वास ठेवून ते टणक सफरचंद कचकन चावलं. पांगाऱ्यात नुकत्या ठोकलेल्या खिळ्यांवर. फोटो सुंदर आला. आजही माझ्याकडे आहे.

दीडेक महिन्याने काकी आल्या. बरोबर नीलेश आणि सून दर्शना.

“डोलतात रे,” काकी म्हणाल्या. “दुखत नाय. पण डोलतात. झुल्यावर बसल्यासारखे.”

दात काढून बघितले. मागचे दोन्ही स्क्रू बोटांनी फिरवले तर फिरत होते. एक तर फिरवताच हातात आला, भोवती तोच लिबलिबीत पडदा. बाहेर दार उघडं होतं, बाकं भरलेली होती, आणि वार्षिक सभा जवळ आली होती. त्याच वेळी मला हिरडीच्या कडेला काळपट तपकिरी थर दिसला आणि ओळखीचा वास आला.

“काकी, हे काय? तंबाखू?”

“तंबाखू नाय. मिशेरी. सकाळ-संध्याकाळ लावते. दात नीट राहावेत म्हणून हल्ली जास्तच लावते.”

बुडणाऱ्याला काडीचा आधार म्हणतात. मला तर अख्खा ओंडका मिळाला होता. मी सरळ उभा राहिलो आणि बाहेर ऐकू जाईल असा बोललो.

“मिशेरी म्हणजे तंबाखूच. भाजलेली तंबाखू. मी तुम्हाला स्पष्ट विचारलं होतं. तुम्ही नाही म्हणालात. तुम्ही माझ्याशी खोटं बोललात, आता स्क्रू पडले तर मी काय करू? पेशंटच खोटं बोलला तर डॉक्टर काय करणार?”

बाकांवरची माणसं दारातून आत डोकावली. दर्शना नवऱ्याकडे बघायला लागली. नीलेश म्हणाला, “आई, सांगायचं ना गं. डॉक्टरशी कशाला खोटं बोलायचं?”

काकींनी कमरेची पिशवी सोडली, त्यातून मिशेरीची छोटी डबी काढली आणि माझ्या हत्यारांच्या ट्रेमध्ये ठेवली.

“तू विचारलंस तंबाखू खातेस काय. मी खात नाय. ही कोण खातंय? ही लावतात. मी खोटं नाय बोलली.” मग म्हणाल्या, “तुझी आय पण लावायची. ती तंबाखू खायची काय रे?”

हे मला कोणी सांगायची गरज नव्हती. मी ज्या घरात वाढलो तिथे सकाळी चहाच्या आधी तव्यावर मिशेरी भाजल्याचा वास यायचा. आई ओट्याशी उभी राहून बोटाने ती दातांना लावायची, आणि शेजारचे काका खैनी मळताना दिसले की नाक मुरडायची: “शी, तंबाखू खातो मेला.” आमच्याकडे तंबाखू खातात आणि मिशेरी लावतात. ते व्यसन आहे आणि हे दंतमंजन आहे, असं या भागातल्या निम्म्या बायका मानतात. चूक आहे, पण खोटं नाही. हे माहीत असलेला डहाणूतला एकमेव दातांचा डॉक्टर जर कोण असेल तर तो मी होतो. आणि मी प्रश्न विचारला तो हॉटेलात शिकवलेला.

तरीही मी म्हणालो, “ते काही असो. मला सांगायला हवं होतं.”

पुढचे पंधरा दिवस मी फार तत्पर होतो. उरलेले स्क्रू काढले, जखमा भरल्या, पैसे परत केले. तेव्हा वाटलं, आपण किती सरळमार्गी. माफीपेक्षा पैसे परत करणं मला स्वस्त पडलं, एवढाच त्याचा अर्थ.

सभेत मी ती केस मांडलीच. सफरचंदाचा फोटो, मग सुटलेल्या स्क्रूचा फोटो, मग मोठ्या अक्षरांत: पेशंटने तंबाखू लपवली. त्या तलम कोटातल्या तज्ज्ञांनी माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलं, “आदिवासी पट्ट्यात प्रॅक्टिस करणं म्हणजे धैर्याचं काम.” काकी आदिवासी नाहीत, त्यांच्या वाडीत मला चिकूची झाडं विकत घ्यायची म्हटलं तर कर्ज काढावं लागेल. आणि तलासरीच्या पाड्यावरचा एकही माणूस आजवर माझ्याशी खोटं बोललेला नाही. मी दुरुस्त केलं नाही. हॉल हसला, मी हसलो. चहाच्या वेळी एकाने मला सल्ला दिला की गावाकडच्या पेशंटकडून सगळं लिहून घ्यावं. मी गंभीर चेहऱ्याने मान हलवली.

पुढल्या वर्षी तलासरीच्या एका आश्रमशाळेतले मुख्याध्यापक माझ्याकडे आले. त्यांना आपण गुरुजी म्हणू. गुरुजी सुपारीसुद्धा खात नसत, चहा पीत नसत, आणि साखर-रक्तदाब काही नाही. वरच्या दाढा बसवायच्या होत्या. मी तोच खेळ केला. ड्रिल लोण्यात, पाना गप्प, “बसलाय”, संध्याकाळी दात. महिनाभराने गुरुजी स्क्रू कागदात गुंडाळून घेऊन आले.

“डॉक्टर, हा ताटात पडला. भाकरीबरोबर आला.”

मी सवयीने विचारलं, “तंबाखू? मिशेरी? काही?”

गुरुजींनी मला वर्गातल्या मुलासारखं न्याहाळलं. “डॉक्टर, माझी काही चूक झाली असेल तर सांगा. नसेल तर दुसऱ्याची शोधा.”

इथे ज्याच्याआड लपावं असं काही नव्हतं. तसाच स्क्रू, तसंच हाड, तसाच लिबलिबीत पडदा, आणि हा माणूस तर तोंड धुवायला कडुनिंबाची काडी वापरणारा. त्या दिवशी मला कळलं, की काकींच्या मिशेरीने मला फक्त एक बहाणा पुरवला होता.

मग मी जे आधी करायचं ते नंतर केलं, वाचायला बसलो. कोर्सवाल्यांकडे नाही, तर ज्यांनी अशा पडलेल्या केसेस निमूटपणे वर्षानुवर्षं पाहिल्या होत्या त्या दोन-तीन जुन्या सर्जनांकडे जाऊन त्यांचं काम बघितलं. पांगाऱ्यासारख्या हाडात कसं काम करतात हे सांगायला फार वेळ लागत नाही. भोक स्क्रूपेक्षा बरंच बारीक ठेवायचं. जिथे जमेल तिथे ड्रिल वापरायचंच नाही, बोथट सळईने हाड बाजूला दाबत न्यायचं, म्हणजे जे थोडं हाड आहे ते भुशासारखं बाहेर फेकलं न जाता भिंतीत दाबून बसतं. स्क्रू निमुळता, मोठ्या आट्यांचा. एकावर भार न देता जास्त स्क्रू, एकमेकांना बांधलेले. स्कॅन केल्याशिवाय हात लावायचा नाही. रक्तातली साखर आणि ड जीवनसत्त्व बघायचं. तंबाखू, मिशेरी, तपकीर सगळं आधीपासून बंद करायचं, कारण त्याने हिरडीला रक्त कमी पोचतं आणि जखम रेंगाळते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, स्क्रू हिरडीखाली झाकून सहा महिने त्याला विसरून जायचं. यात कुठलंच यंत्र महाग नाही. महाग आहे ते फक्त पेशंटला ‘थांबा’ म्हणणं. फलकावर ‘थांबा’ असं लिहिलं तर कोण येणार?

मी चारोटीचा फलक उतरवला. नंतर गुरुजींचे दात याच पद्धतीने बसवले, ते टिकले. पाना पहिल्यांदा अडला तेव्हा मी खुर्चीशेजारी उभा राहून उगीचच हसलो आणि गुरुजींनी तोंड उघडं ठेवून भुवई उंचावली. आता मी पेशंटला प्रश्न विचारतो ते असे: तंबाखू खाता? मळता? विडी ओढता? तपकीर ओढता? मिशेरी लावता? प्रत्येकाला त्याचं त्याचं क्रियापद लावून. बायका हसतात आणि खरं सांगतात.

पण काकींकडे मी गेलो नाही. चिखल्याच्या रस्त्याने बोर्डीला जाताना त्यांच्या वाडीचं फाटक लागतं, तिथे मी गाडीचा वेग वाढवायचो.

२०१८ मध्ये चिकूचे एक व्यापारी, प्रवीणभाई, अक्कलदाढ काढायला आले. सुई दिल्यावर हिरडी बधिर होईपर्यंत हा माणूस गप्प बसेना.

“डॉक्टरसाहेब, तुमच्यामुळे आमचा फायदा झाला ने.”

“तो कसा?”

“ती चिखल्याची काकी नाय? आधी तिच्यासमोर आमची जीभ हलायची नाय. बोलेल तो भाव. मग तुम्ही तिला पकडली ने तंबाखूमध्ये, सगळ्यांसमोर. पुढल्या सिझनला मी मस्करीत बोललो, काकी, डॉक्टरशी खोटं बोलता, आमच्याशी खरं कशावरून? कागद करा.” ते हसले. “सगळे हसले. तिची सूनपण हसली.”

“मग?”

“मग काय. काकी उठली, आत गेली. तेव्हापासून पडवीत बसत नाय. पोरगा बसतो. कागद करतो. पोरगा कच्चा आहे, आपल्याला चांगलं.” त्यांनी गाल चाचपला. “झाला बधिर. काढा.”

मी दाढ काढली. हात नेहमीपेक्षा जड पडला असणार, कारण प्रवीणभाई नंतर म्हणाले, “काय डॉक्टर, काकीचा बदला घेतला काय?” ते पुन्हा मस्करीच करत होते.

त्यानंतरच्या रविवारी मी चिखल्याला गेलो. काकी मागच्या अंगणात चिकूच्या पाट्यांपाशी बसल्या होत्या, बारीक फळ वेगळं काढत. तोंडात तीच जुनी कवळी. मला बघून त्यांनी पाट पुढे सरकवला आणि काम चालू ठेवलं.

मी तयारी करून गेलो होतो. सांगितलं, की काकी, दोष माझा होता, हाड मऊ होतं, मी घाई केली, मिशेरी नसती तरी ते स्क्रू पडलेच असते. तुम्ही खोटं बोलला नव्हता. मला माफ करा.

त्यांनी ऐकून घेतलं. एक चिकू दाबून बघितला, पिकलेला होता, तो माझ्यासमोर ठेवला.

“हे मला कशाला सांगतोस? मी खोटं नाय बोलली ते मला ठाऊक आहे.”

“मग काय करू, काकी?”

“बोललास कुठे?”

“दवाखान्यात.”

“तर तिथे बोल. वाईट बोलायला बाजार आणि चांगलं बोलायला माझं परसदार, असं नाय चालत.”

“आणि दात? या वेळी नीट करीन. सहा महिने थांबून.”

“दातांचं मागून बघू. चिकू खा.”

मी खाल्ला. बी थुंकायला कुठे जागा आहे ते बघत असताना त्या म्हणाल्या, “आयशीसारखाच आहेस. तिला पण चूक झाली की भूक लागायची.”

ठरवून सोमवारी, गर्दीच्या वेळी त्या आल्या. नीलेश आणि दर्शनाला घेऊन. प्रवीणभाईंना मी टाके बघायच्या निमित्ताने त्याच वेळेला बोलावलं होतं. बाकं भरलेली होती, दोन माणसं दाराशी उभी होती. काकी बाकावर बसल्या नाहीत, मधोमध उभ्या राहिल्या. मी आतून बाहेर आलो, हातमोजे काढले. काढलेले हातमोजे कुठे ठेवावेत ते सुचेना. हॉलमध्ये माइकसमोर खोटं बोलताना असं काही झालं नव्हतं.

“मंडळी, जरा ऐका,” मी म्हणालो. “चार वर्षांपूर्वी इथेच मी हंसाकाकींना खोटारडं म्हटलं होतं...”

“मोठ्यानं बोल,” काकी म्हणाल्या. “दाराशी ऐकू नाय जात.”

दाराशी प्रवीणभाई उभे होते.

“मी काकींना विचारलं होतं, तंबाखू खाता का,” मी आवाज चढवून म्हणालो, तेव्हा चढवला होता तेवढाच. “त्या खात नव्हत्या. त्या मिशेरी लावायच्या, आणि तो प्रश्न मी विचारलाच नव्हता. त्यांचे दात पडले ते मिशेरीमुळे नाही. त्यांचं हाड मऊ होतं, ते मला हाताला कळलं होतं, तरी मी घाई केली आणि बसलाय म्हणून सांगितलं. माझं काम वाईट होतं, आणि ते झाकायला मी त्यांचं नाव वाईट केलं. काकी, मला माफ करा. तुम्ही खोटं बोलला नव्हता. खोटं मी बोललो होतो.”